कासमची कानस

महबूला,
कुवेत
२५ सप्टेंबर, गुरुवार

चि. आर्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी तक्रार.

ज्या देशानं समुद्राला मागं रेटून त्याच्या जागेवर बटाटे लावले, त्या देशाला माणसाच्या बुडाला मानवेल अशी सायकलची सीट करता येऊ नये, हे मला पटलेलं नाही. आज अकरावा दिवस. मी उभ्यानं जेवतो, उभ्यानं बातम्या बघतो आणि हे पत्रही इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून उभ्यानंच लिहितोय. काल हॉस्पिटलात आमच्या सुपरवायझरनं मीटिंगमध्ये बसायला सांगितलं. मी नम्रपणे नको म्हटलं, तर त्याला वाटलं मी राजीनामा द्यायला आलोय. हे प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यावं, तर ते न्यायालयही तुमच्याच देशात. म्हणजे न्याय मिळायचा नाही.

तू आईला सांगितलंस म्हणे, की बाबांना काही सांगायचं असेल तर कागदावर लिहून पाठवू दे, व्हॉइस मेसेज नकोत. मराठीत लिहिलं तरी चालेल, वाचता येतं. हे मला माहीत नव्हतं. अब्बासियात शुक्रवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये मराठीचा वर्ग भरायचा, आई तुला तिथं तीन वर्षं नेत होती, तो मी बायकांचा गप्पा मारायचा उद्योग समजत होतो.

तर लिहितोय. तसं विशेष काही नाही. तुझ्याकडचा रविवारचा तो दिवस छान गेला. नदी वरून चाललीय आणि गाई तिच्या खालच्या अंगाला चरतायत, असं मी आधी कुठं पाहिलं नव्हतं. बांधावरून सायकल चालवताना डावीकडे जहाज आपल्या डोळ्यांच्या पातळीला आणि उजवीकडे घरांची कौलं पायांच्या पातळीला. सफरचंदाची झाडं माझ्या खांद्याएवढी, पण पोरवयातल्या मुलीला लग्नात घरातले सगळे दागिने घालावेत तशी लगडलेली. तुझ्या गावाचं नाव अजून मला म्हणता येत नाही, घशात माशाचा काटा अडकतो. पण गाव चांगलं आहे. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी एका दिवसात चाळीस किलोमीटर सायकल चालवली, हे मी इथं सगळ्यांना सांगितलं. कुणी विश्वास ठेवत नाही. उभा राहतो तेव्हा ठेवतात.

दुपारी नदी ओलांडताना नावेवर मी कासमशी मोबाइलवर बोलत होतो. ते तू ऐकलंस, एक वाक्य बोललीस आणि मग घरी पोचेपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी विमानतळावर ‘टेक केअर, बाबा’ म्हणालीस, तेवढंच. अगं, मोबाइलवर माणूस काहीबाही बोलतो. त्याचं एवढं काय?

आईनं काल सांगितलं की तुझे म्हातारे मालक निवृत्त होतायत आणि एप्रिलपासून वर्कशॉप तू चालवायला घेतेयस. उद्घाटनाला तिला बोलावलंयस. तिनं वॉर्डात रजेचा अर्जही टाकला. त्या बोलावण्यात माझं नाव आहे का, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आमच्या घरात आमटीत गूळ किती घालायचा यावरही अर्धा तास चर्चा होते, तुला ठाऊक आहे. एवढी शांतता या घराला सवयीची नाही.

आशीर्वाद.
बाबा


महबूला,
१० ऑक्टोबर, शुक्रवार

चि. आर्या,

मागच्या पत्रात काय लिहिलं ते मी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “अहो, सीटवर दीड पान आणि तिच्यावर दीड ओळ?” आणि लाटणं जरा जोरात फिरवलं. म्हणून हे दुसरं. याचे चार कागद आधीच फाडलेत. बोललेलं फाडता येत नाही, हा लिहिण्याचा एक फायदा मला फार उशिरा कळला.

सकाळपासून सांगतो.

निघताना तू माझ्या हँडलवर कागदाची एक पट्टी चिकटवलीस. तिकडं वाटेवर ठिकठिकाणी आकड्यांच्या पाट्या असतात, आपले आकडे क्रमानं लिहून घ्यायचे आणि एका पाटीवरून पुढच्या पाटीवर जायचं. नकाशा नको, फोन नको. तुझ्या पट्टीवरचे आकडे इंग्रजी होते आणि माझ्या पट्टीवरचे मराठी. ३४, ६१, १२, ७८. पाटीवर इंग्रजी आकडा, म्हणजे माझी पट्टी मराठीत लिहायची काडीची गरज नव्हती. ती तू फक्त माझ्यासाठी लिहिली होतीस. आणि मी काय म्हटलं? “हे काय, वाण्याची यादी दिलीस का?” तू हसलीस. मला वाटलं विनोद आवडला. आता वाटतं, तू हसून वेळ मारून नेलीस. सत्तावीस वर्षांचा सराव आहे तुला त्याचा.

६१ च्या पुढे माझं मागचं चाक बसलं. खरं तर मला हायसं वाटलं होतं, विश्रांती मिळाली. तू सायकल उलटी केलीस, टायर सोडवला, ट्यूब बाहेर ओढून गालाशी धरलीस आणि फिरवत गेलीस. हवा कुठून निघतेय ते गालाला कळतं. मी पंप हातात घेऊन देव्हाऱ्यापुढं उभं राहावं तसा उभा. पंधरा मिनिटांत चाक जाग्यावर. मी घड्याळ लावलं होतं. सव्वीस वर्षं डायलिसिसच्या मशिनी दुरुस्त केल्यात, सवय जात नाही. आमच्याकडं एवढ्या गळतीला आधी तीन फॉर्म भरावे लागतात. माझंही काम नळीत गळती कुठं आहे ते शोधायचंच. फक्त माझ्या गळ्यात ओळखपत्र असतं आणि हात पांढऱ्या मोज्यांत असतात. एवढाच फरक, आणि त्या एवढ्याशा फरकावर मी किती वर्षं ताठ चालतोय.

ट्यूब घासताना तुझ्याकडचा सँडपेपर फाटला. तेव्हा तू इंग्रजीत म्हणालीस, की कासमचाचाच्या कानशीसारखी कानस परत कधी हाताला लागली नाही. मी नदीकडं बघितलं.

ती कानस माझ्याकडं आहे, आर्या. माझ्या कपाटात, पासपोर्टांच्या खालच्या खणात. वीतभर, अर्धगोल, मुठीला लाल टेप गुंडाळलेली. तू दहा वर्षांची होतीस. मला शुक्रवारी ओव्हरटाइम, आईची ड्यूटी, म्हणून तुला राई भागात, कासमच्या बंशरवर सोडायचो. पंक्चरच्या दुकानाला बंशर म्हणतात, हा तू शिकलेला पहिला अरबी शब्द. तुझी पहिली सायकलही त्यानंच जोडून दिली होती, भंगारातून, दोन पायडल दोन रंगांचे. संध्याकाळी तू कोपरापर्यंत काळे हात घेऊन यायचीस आणि आज किती ट्यूबा केल्या ते सांगायचीस. एकदा ती कानस घेऊन आलीस. उद्या गणिताची परीक्षा होती. मी ती हिसकावून घेतली, कपाटात टाकली आणि त्यानंतर तुला राईला नेलं नाही. कासमला सांगितलं, कानस बहुतेक हरवली.

आणि एक. तू ती ऑफिसची नोकरी सोडून वर्कशॉपला लागलीस, त्याला दोन वर्षं झाली. इथं मराठी मंडळात विचारतात, मुलगी काय करते? मी सांगतो, मोबिलिटीत आहे. पुढं कुणी विचारत नाही. मोबिलिटी म्हणजे काय ते कुणालाच माहीत नसतं आणि तसं दाखवायचं कुणालाच नसतं.

बाबा


महबूला,
७ नोव्हेंबर, शुक्रवार

चि. आर्या,

बूड बरं झालं. आणि मी मूर्ख असल्यामुळं पुन्हा सायकलवर बसलो.

आमच्या एक्स-रे विभागात नौमान म्हणून आहे, दापोलीकडचा, पस्तिशीचा. दर शुक्रवारी पहाटे समुद्राच्या रस्त्यानं सायकल चालवतो. त्याची जुनी सायकल मागून घेतली. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. घरात तुझ्या आईनं कपाळाला हात लावला आणि मग मलमाची ट्यूब काढून टेबलावर ठेवली.

आज महबूल्याहून सालमियाच्या दिशेला निघालो, तर वायव्येचा वारा अगदी समोरून. तोंडात वाळू, डोळ्यांत वाळू. पाच मिनिटांत मी मागं पडलो. नौमान थांबला आणि म्हणाला, “विश्वासभाई, बाजूनं नका येऊ. माझ्या चाकाला चाक लावून मागं या.” मी तसं केलं, आणि वारा कुणी बटण दाबून बंद करावा तसा गेला. पायाला वजनच लागेना. मी विचारलं, ही काय जादू? तो म्हणाला, “जादू कसली? पुढचा वारा फोडतो, मागचा आरामात येतो. पुढच्याचा दम निघतो, म्हणून आपल्यात पाळी असते. थोडा वेळ मी, थोडा वेळ तुम्ही.” मग त्यानं माझ्या पोटाकडं बघितलं आणि म्हणाला, “आज राहू द्या तुमची पाळी.”

मी तिथंच ब्रेक दाबला. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं छातीत दुखतंय.

आर्या, नाव सोडल्यावर घरापर्यंत एकोणीस किलोमीटर होते. वारा समोरून होता. तू माझ्या पुढं होतीस, सारखी पुढं, आणि मला तुझी पाठ दिसत होती. मी मनात म्हणत होतो, बापाला पाठ दाखवते, बघ कशी, मागं वळून बघतसुद्धा नाही. मी दमून हळू झालो की तू हळू व्हायचीस. मला वाटायचं, चिडवतेय. मी जोर केला की तूही जोर करायचीस. मला वाटायचं, जवळ येऊ देत नाही. तुझ्या मागच्या आणि माझ्या पुढच्या चाकात एकोणीस किलोमीटर तेवढंच अंतर होतं, हातभर. माझं हँडल वाकडं झालं की तू वाऱ्याच्या बाजूला सरकायचीस. मागं न बघता.

मी जे बोललो ते ऐकून झाल्यावर तू हे केलंस.

म्हणून आता ते पुरं लिहितो. पहिल्या पत्रात ‘काहीबाही’ लिहिलं, ते काहीबाही नव्हतं. नावेवर कासमनं विचारलं, पोरगी काय म्हणते. तू दहा पावलांवर सायकली धरून उभी होतीस. मी आवाजही खाली केला नाही, कारण तू लहानपणापासून आम्हांला इंग्रजीत उत्तरं देतेस आणि इथल्या आम्हां सगळ्या आईबापांची समजूत अशी, की ज्या भाषेत पोर उत्तर देत नाही ती भाषा त्याच्या कानांत शिरतच नाही. पोरांच्या देखत आम्ही मराठीत काय काय बोललोय याची यादी केली तर कुवेतमधल्या अर्ध्या घरांत कुलपं लागतील. मी म्हटलं, “अरे, चाळीस लाख घालून इंजिनिअर केली, ती पंक्चर काढते. आधी ठाऊक असतं तर तुझ्याच बंशरवर ठेवली असती. विमानाचं भाडं तरी वाचलं असतं.”

हे मी कासमला म्हटलं. ज्यानं राईत एका पत्र्याखाली बसून पंक्चरं काढली, त्यावर तीन बहिणींची लग्नं केली, त्या कासमला. मग तो म्हणाला, “बरं, ठेवतो. गिऱ्हाईक आलंय.”

आणि तू जवळ आलीस, सायकल माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, “बाबा, मला मराठी येतं.”

एवढंच. उच्चारही स्वच्छ. आम्ही दोघं घरी बोलतो तसा.

मला तेव्हा पहिली गोष्ट काय सुचली सांगू? एक विनोद सुचला. तो मी केला नाही, ही त्या दिवसातली माझी एकमेव चांगली गोष्ट, आणि तीही तुला दिसली नाही.

बाबा


महबूला,
२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चि. आर्या,

आई म्हणाली, पत्रं तू वाचतेस. हळूहळू वाचतेस, म्हणाली. जोडाक्षरं कमी वापरायचा प्रयत्न करतोय, पण पश्चात्तापाची भाषा जोडाक्षरांचीच निघाली.

आज राईला गेलो. त्या फोननंतर अडीच महिने कासमनं मला फोन केला नव्हता आणि मी त्याला. वीस वर्षांत आमच्यात एवढं अंतर कधी पडलं नव्हतं, ईदला मी त्याच्याकडं असतो आणि दिवाळीला तो माझ्याकडं. यंदाच्या दिवाळीत आईनं फराळाचा डबा नौमानच्या हाती त्याला पाठवला. डबा धुऊन, त्यात खजूर भरून परत आला. चिठ्ठी नव्हती.

दुकानात आता हवेच्या मशिनी आहेत, चार माणसं आहेत, पण तो कोपऱ्यात स्टुलावर स्वतः एक ट्यूब घेऊन बसला होता. मी कानस त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानं बघितली, हात पुसले, मुठीवरच्या टेपवरून अंगठा फिरवला.

म्हणाला, “ही माझी नाही.”

मी म्हटलं, “टेप बघ. तुझीच आहे.”

“माझी होती. अब्बाची होती, श्रीवर्धनहून आणलेली. पण ती मी आर्याला दिली होती. पोरगी ट्यूब साफ घासायची, माझ्यापेक्षा साफ. देऊन टाकली.”

“मी तुला सांगितलं होतं, हरवली म्हणून.”

“तू सांगितलंस. तिनंही सांगितलं होतं. रस्त्यात भेटली तेव्हा रडत म्हणाली, चाचा, बाबांनी कपाटात ठेवलीय.” त्यानं ट्यूब पुन्हा हातात घेतली. “तू हरवली म्हणालास, मी हरवली म्हटलं. मुलीसमोर बापाला खोटा कशाला पाडायचा?”

सतरा वर्षं, आर्या. सतरा वर्षं हा माणूस माझ्या घरी जेवला आणि त्यानं एकदाही त्या कपाटाकडं बघितलं नाही.

मी फोनचा विषय काढायला तोंड उघडलं. पण माझं तोंड तुला माहीत आहे. माफी मागायला उघडलं तरी आधी कोटीच बाहेर पडायला धावते. म्हणून मिटलं आणि टायरांच्या थप्पीवर बसून राहिलो. तोच म्हणाला, “मी बंशर चालवतो रे, विश्वास. बहिरा नाही.” आणि दोन चहा सांगितले. त्याला माझ्याकडून जे मिळायला हवं होतं ते मी दिलं नाही आणि तो ते न घेता पुढं गेला. मला वाटतं, वारा फोडायची सवय तू त्याच्याकडून घेतलीस, माझ्याकडून नाही.

चहा पीत असताना आमच्या हॉस्पिटलच्या डॉक्टर प्रणिता गाडीचे टायर बदलायला आल्या. मंडळाच्या यंदा त्याच अध्यक्ष. इकडचं तिकडचं झालं आणि मग त्यांनी विचारलं, “आर्या काय करते हल्ली? मोबिलिटीतच ना?”

मी म्हटलं, “सायकली दुरुस्त करते. एप्रिलपासून स्वतःचं दुकान.”

त्या म्हणाल्या, “अय्या, हो का,” आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. मी पुढं बोललो, न विचारता, “काम इथंच शिकली. याच्याकडं.” कासम खाली वाकून त्यांच्या चाकाचे नट आवळत होता. त्यानं मान वर केली नाही. पण एक नट त्यानं दोनदा आवळला.

निघताना मला म्हणाला, “पोरीला लिहितोस ना? लिही, सोल्यूशन लावल्यावर सुकू द्यायचं. ओल्यावर ठिगळ बसत नाही. घाई ती लहानपणीही करायची.” आणि कानस एका जुन्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

बाबा


११ डिसेंबर, गुरुवार
पोस्टाच्या काउंटरवरून

आर्या,

पाकीट अजून उघडं आहे, म्हणून उभ्यानंच हे चार शब्द. या वेळी सीटचा दोष नाही.

एप्रिलचं मी विचारणार नाही. आईला एकटीला यायचं असेल तर मी तिला विमानतळावर सोडीन आणि तोंड उघडणार नाही. नौमानबरोबर जातो दर शुक्रवारी. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा पुढं राहिलो, पुलापासून मशिदीपर्यंत, दोन किलोमीटर. तो मागं आरामात होता की हसत होता, मी वळून बघितलं नाही. तुझे माझ्याकडं एकोणीस निघतात. ते नौमानला दिल्यानं फिटत नाहीत, हे मला कळतं.

काउंटरवरचा केरळी माणूस फॉर्म पुढं सरकवून विचारतोय, “अंदर क्या है?” मी म्हटलं, कानस, लोखंडी, जुनी. “बेटी को? गिफ्ट है?” आणि त्यानं ‘गिफ्ट’च्या चौकोनावर पेन टेकवलंसुद्धा.

मी पेन त्याच्या हातातून घेतलं. फॉर्मवर खाली आणखी चौकोन आहेत. एकापुढं लिहिलंय, परत केलेला माल.

त्यावर खूण केली.

बाबा